समुदाय आणि मनाचें स्वास्थ्य : झरीच्या परिषदेची हकीकत

गर्दींत माणूस हरवतो, असें म्हणण्याचा प्रघात आहे. जत्रेंत लहान मूल हरवतें तें आईच्या हाताची पकड सुटल्यामुळें. परंतु मोठीं माणसेंहि समुदायांत शिरलीं कीं स्वतःवरची पकड सोडून देतात, असा विचारवंतांचा जुना आक्षेप आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल बाँ या लेखकानें १८९५ सालीं जमावाच्या मनोवृत्तीवर एक ग्रंथ लिहिला. त्याचें सार असें कीं, एकटा असतांना जो गृहस्थ विवेकानें वागतो तोच जमावांत मिसळला कीं बुद्धीनें कांहीं पायऱ्या खालीं उतरतो. भावना ही सांथीच्या रोगाप्रमाणें एकाची दुसऱ्याला लागते, आणि मग कोण काय करीत आहे याचें भान कोणालाच राहत नाहीं.

त्याच देशांतील एमिल दुर्खीम या समाजशास्त्रज्ञानें १९१२ सालीं निराळी बाजू मांडली. ऑस्ट्रेलियांतील आदिवासींच्या उत्सवांचीं वर्णनें अभ्यासून त्यानें असें म्हटलें कीं, पुष्कळ माणसें एका ठिकाणीं, एका हेतूनें व एका लयींत एकत्र आलीं म्हणजे त्यांच्यांत एक उचंबळ निर्माण होतो. त्या उचंबळांत प्रत्येकाला स्वतःहून मोठ्या अशा एका शक्तीचा प्रत्यय येतो, आणि त्या शक्तीचा कांहीं अंश बरोबर घेऊनच तो आपल्या झोपडीकडे परततो. एकाच्या मतें समुदाय हा रोग आहे, तर दुसऱ्याच्या मतें तो औषध आहे.

या दोघांपैकीं कोणाचें म्हणणें अनुभवास उतरतें, हें पाहण्यासाठीं फ्रान्स किंवा ऑस्ट्रेलिया गांठण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या उत्तरेस, आगगाडीच्या वाटेवर, डहाणू व तलासरी हे दोन तालुके आहेत. पश्चिमेस समुद्र, घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या बागा, आणि पूर्वेस डोंगरांच्या कुशींत विखुरलेले वारल्यांचे पाडे, असा हा मुलूख आहे. १९४५ सालीं तो ठाणें जिल्ह्यांत मोडत असे, आणि तलासरीकडचीं गांवें उंबरगांव तालुक्यांत होतीं. १९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें वेगळीं झालीं, तेव्हां उंबरगांव गुजरातेंत गेलें व तलासरी महाराष्ट्रांत राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यांत आले. नकाशावरच्या रेषा अशा बदलत गेल्या. परंतु या मुलखांतील लोकांच्या आठवणींत १९४५ सालची जी एक सभा आहे, तिची जागा बदललेली नाहीं. ती सभा झरी या गांवीं भरली. तिची हकीकत सांगण्यापूर्वीं या लोकांना एकत्र येण्याचे आधीं कोणते प्रसंग ठाऊक होते, तें पाहिलें पाहिजे.

वारली समाजाला एकत्र येणें नवें नव्हतें. भाताचें नवें पीक हातीं आलें कीं पाड्यापाड्यांतून तारप्याचे सूर ऐकूं येतात. सुकविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचें तें वाद्य आहे. तारपा वाजविणारा मध्यें उभा राहतो. नाचणारे स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवतीं हात घालून सांखळी धरतात आणि त्याच्याभोवतीं फिरत राहतात. सूर बदलला कीं पावलें बदलतात. या फेऱ्यांत कोणी पुढारी नाहीं, कोणी प्रेक्षक नाहीं; थकलेला बाजूला होतो आणि ताज्या दमाचा त्याच्या जागीं शिरतो. डहाणू तालुक्यांतील गंजाड येथील चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतून हाच फेरा जगांतील मोठमोठ्या शहरांच्या भिंतींवर गेला.

दुसरा प्रसंग महालक्ष्मीच्या यात्रेचा. डहाणू तालुक्यांत विवळवेढे येथें देवीचें स्थान आहे. चैत्री पौर्णिमेपासून सुमारें पंधरा दिवस तेथें यात्रा भरते. वाघाडी गांवचा पुजारी रात्रीच्या वेळीं डोंगराच्या अवघड सुळक्यावर चढून देवीचा ध्वज लावतो. खालीं जमलेल्या हजारों लोकांचे डोळे त्या काळोखांतल्या डोंगराकडे लागलेले असतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, तसेच किनाऱ्यावरचे आणि गुजरातेंतले भाविक अशा सर्वांच्या उरांत त्या क्षणीं एकच धडधड असते. सामुदायिक भावना म्हणजे काय, हें समजण्यास याहून सोपें उदाहरण सांपडणार नाहीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. ज्या लोकांपाशीं एकत्र आनंद करण्याचीं इतकीं सुंदर साधनें होतीं, त्यांचीं मनें निर्भय व निरोगी असावयास हवीं होतीं. तशीं तीं नव्हतीं. तारप्याचा फेरा पहाटे मोडे, यात्रेची पालें उठत, आणि माणूस दुसऱ्या दिवशीं पुन्हां सावकाराच्या शेतावर मान खालीं घालून उभा राही.

त्याची कारणें उघड होतीं. एके काळीं ज्या जमिनी वारली कसत होता, त्या कर्जाच्या व कागदांच्या वाटेनें जमीनदार, सावकार व व्यापारी यांच्या हातीं गेल्या होत्या. ज्या जमिनीचा तो धनी होता तिचाच तो कूळ झाला. कूळ झाला म्हणजे खंड देणें आलेंच; परंतु खंडावर भागत नसे. जमीनदाराच्या स्वतःच्या शेतावर, वाडीवर व गवताच्या रानांत बोलावणें येईल तेव्हां जाऊन फुकट किंवा नांवाच्या मजुरीवर राबावें लागे. हीच वेठ. पावसाळ्यांत घरचें धान्य संपलें कीं सावकाराकडून खावटी घ्यावयाची आणि सुगीला ती वाढीदिढीनें फेडावयाची. लग्नाचा खर्च डोईजड होई, म्हणून तरुण मुलगा लग्नासाठीं कर्ज काढी आणि त्या कर्जापोटीं स्वतःला सावकाराच्या दारीं बांधून घेई. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. लग्नगड्याची बायकोहि राबे, पुढें मुलेंहि राबत. आणि हिशेब सावकाराच्या चोपडींत असल्यामुळें कर्ज मात्र जागच्या जागीं राही. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांनीं १९३८ सालीं प्रांतांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली. वेठ, तिला नकार दिल्यास बसणारा मार, आणि स्त्रियांवर होणारे अत्याचार या सर्वांची नोंद या सरकारी अहवालांतच झालेली आहे.

या छळाचें एक लक्षण विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. तो ज्याच्या-त्याच्या वांट्याला एकटेपणीं येई. वेठीचें बोलावणें येई तें एकट्याला. मार बसे तो एकट्याला. कर्जाच्या कागदावर अंगठा उठे तो एकट्याचा. पाड्यांतील प्रत्येक झोपडींत तेंच दुःख असे, तरी प्रत्येकाला तें आपल्या कपाळींचें वाटे. भीति ही अशीच वाढते. ती माणसाला शेजाऱ्यापासून तोडते आणि मग तुटलेल्या माणसावर अधिकच स्वार होते. तारप्याच्या फेऱ्यांत या भीतीला वाव नव्हता हें खरें. पण तेथें तिचें नांवहि कोणी घेत नसे. तेथें आनंद वांटला जाई, दुःख मात्र ज्याचें त्याच्या घरींच राही. म्हणून फेरा मोडला कीं भीति दाराशीं उभीच असे.

ही कोंडी फुटण्यास सुरुवात झाली ती १९४५ च्या जानेवारींत. कल्याणजवळ टिटवाळा येथें महाराष्ट्रांतील किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगांव तालुक्यांतील कांहीं वारली तेथें आले होते, आणि माह्या धांगडा हा त्यांच्यांतील प्रमुख होता. इतर जिल्ह्यांतील शेतकरी व्यासपीठावर उभे राहून आपलीं गाऱ्हाणीं मोकळ्या आवाजांत सांगत आहेत, हजारों लोक तीं ऐकत आहेत, आणि तरीहि सांगणाऱ्याला कोणी मारीत नाहीं, हें दृश्य या मंडळींना अपूर्व होतें. आपलें दुःख हें आपल्या एकट्या पाड्याचें नाहीं, याची पहिली जाणीव त्यांना तेथें झाली.

या परिषदेच्या चालकांत शामराव परुळेकर व त्यांच्या पत्नी गोदावरीबाई परुळेकर हीं दोघें होतीं. गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालीं पुण्यास गोखले घराण्यांत झाला. त्यांनीं कायद्याची पदवी घेतली होती आणि भारत सेवक समाजांत कामहि केलें होतें. पुढें उभयतांनीं कम्युनिस्ट पक्षाचा व किसान सभेचा मार्ग धरला. त्यांच्या राजकीय मतांविषयीं तेव्हांहि वाद होते आणि आजहि आहेत. परंतु एका गोष्टीबद्दल दुमत होण्याचें कारण नाहीं. टिटवाळ्याच्या परिषदेनंतर हीं सुशिक्षित माणसें पाड्यापाड्यांतून पायीं हिंडलीं, वारल्यांच्या झोपड्यांत राहिलीं, त्यांची भाकरी खाल्ली, आणि आपलें सांगण्यापूर्वीं त्यांचें ऐकून घेतलें. वारली लोक गोदावरीबाईंना पुढें 'गोदाराणी' म्हणूं लागले.

त्यानंतर २३ मे १९४५ रोजीं झरी येथें वारल्यांची परिषद भरली. वैशाखाचे दिवस होते. पेरणी तोंडावर आलेली होती, आणि लवकरच वेठीचीं बोलावणीं सुरू व्हावयाचीं होतीं. अशा वेळीं पांच हजारांहून अधिक वारली झरीस जमले. ज्या मुलखांत सावकाराच्या वाड्यासमोर दोघांनीं एकत्र उभें राहून बोलणेंहि धोक्याचें होतें, त्या मुलखांत पांच हजार माणसें उघड्या माळावर एकत्र बसलीं. हीच त्या दिवसाची पहिली घटना समजली पाहिजे. भाषणें झालीं नसतीं तरी एवढ्यानेंच पुष्कळ काम झालें असतें; कारण प्रत्येक माणसाला आपल्या डाव्या-उजव्या बाजूस, पुढें आणि मागें, दृष्टि पोंचेल तेथवर आपल्यासारखींच माणसें दिसत होतीं.

परिषदेनें जे निर्णय घेतले ते मोजके व कोणालाहि पाठ होतील असे होते. वेठ करावयाची नाहीं. जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबावयाचें तर दिवसाला रोख बारा आणे मजुरी घेतल्याशिवाय राबावयाचें नाहीं. मारहाण निमूटपणें सोसावयाची नाहीं. आणि हें सर्व एकट्यानें नव्हे, एकजुटीनें करावयाचें. यांतला एकहि निर्णय समजण्यास शिक्षण लागत नव्हतें. पाळण्यास मात्र धैर्य लागत होतें, आणि तें कोणाही एकट्याजवळ नव्हतें. तें त्या समुदायापाशीं होतें. परिषदेहून परतणारा प्रत्येक जण त्या धैर्यांतला आपला वांटा बरोबर घेऊन गेला.

याचा पुरावा पुढच्या कांहीं आठवड्यांनीं दिला. वेठीचीं बोलावणीं नेहमींप्रमाणें आलीं, पण माणसें गेलीं नाहींत. झरीच्या सभेची वार्ता पाड्यापाड्यांतून पसरली. जे आले नव्हते त्यांनींहि तिचे निर्णय आपलेच मानले. वारल्यांच्या टोळ्या लाल बावटा घेऊन गांवोगांव फिरल्या आणि सावकारांच्या दारीं बांधलेल्या लग्नगड्यांना त्यांनीं मोकळें करून घरीं आणलें. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली वेठ व लग्नगडीची चाल उंबरगांव तालुक्यांत अल्पावधींत मोडली, आणि चळवळ डहाणू तालुक्यांत शिरली. वेठबिगारीची पद्धत देशभर रद्द करणारा कायदा हिंदुस्थानांत १९७६ सालीं झाला. म्हणजे कायद्याच्या आधीं ३१ वर्षें या अक्षरशत्रु लोकांनीं आपल्यापुरता तो अमलांत आणला होता.

अशा वेळीं लोकांच्या मनाला काय झालें असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं. गोदावरीबाईंनीं या सर्व लढ्याची हकीकत पुढें पुस्तकरूपानें लिहिली. तें पुस्तक १९७० सालीं प्रसिद्ध झालें आणि १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. 'जेव्हा माणूस जागा होतो' हें त्याचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. हें नांव जमिनीविषयीं नाहीं, मजुरीविषयींहि नाहीं. तें माणसाच्या मनाविषयीं आहे. बारा आणे ही मागणी खरीच होती, पण ज्या मनानें ती मागितली तें मन घडणें हा त्या वर्षांतला मोठा पालट होता.

या नव्या मनाची परीक्षाहि लवकरच झाली. पावसाळा सरला आणि गवत कापणीचे दिवस आले. या भागांतलें गवत मुंबईच्या गुराढोरांसाठीं जात असे आणि त्याचा व्यापार किफायतीचा होता. पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळाले पाहिजेत, अशी वारल्यांची मागणी होती. ती नाकारली गेली आणि संप सुरू झाला. अशांत १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें सभा आहे, गोदाराणीच्या जिवाला धोका आहे, तेव्हां सर्वांनीं तेथें जमावें, अशी बातमी पाड्यापाड्यांतून पसरली. ती खोटी होती. लोकांना जमवून त्यांच्यावर गोळी चालविली जावी यासाठीं ती मुद्दाम पसरविली गेली, असें किसान सभेचें म्हणणें होतें. हजारों वारली काठ्या व कोयते घेऊन तलवाड्यास जमले. पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्याच्याबरोबर आणखी चौघे, असे पांच वारली मृत्यु पावले. गोदावरीबाईंच्या हकीकतीप्रमाणें गोळ्या सुटत असतांहि लोक जागा सोडून पळाले नाहींत आणि पोलिसांवर चालूनहि गेले नाहींत. ज्या माणसासाठीं आपण आलों तें सुखरूप आहे, असें कळेपर्यंत ते थांबून राहिले. त्यानंतरहि संप मोडला नाहीं. पुढल्याच वर्षीं जंगलकामाच्या मजुरीसाठीं याहून मोठा संप झाला.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, यांत स्वास्थ्य तें कोठें आलें? पांच माणसें मेलीं, पुष्कळांनीं तुरुंग पाहिला, उपास काढले. आक्षेप योग्य आहे. स्वास्थ्य या शब्दाचा अर्थ सुखासीनता असा केला तर झरीच्या सभेनें वारल्यांचें स्वास्थ्य घालविलें, असेंच म्हणावें लागेल. परंतु स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठायीं स्थिर असलेला. जो माणूस दुसऱ्याच्या धाकानें उठतो, बसतो, बोलतो आणि गप्प राहतो, तो धडधाकट असला तरी स्वस्थ नाहीं. या अर्थानें पाहिलें तर वारली समुदायांत शिरून स्वतःला हरवून बसला नाहीं. तो तेथें स्वतःला सांपडला. ल बाँच्या सिद्धान्ताला झरीचें उत्तर आहे तें हें.

अलीकडे मानसशास्त्रज्ञांनींहि याच प्रश्नाचा मोजमाप घेऊन विचार केला आहे. प्रयागास गंगेच्या वाळवंटांत दर वर्षीं माघ महिन्यांत मेळा भरतो. कल्पवासी म्हणविणारे भाविक, बहुतेक उतारवयाचे, तेथें महिनाभर तंबूंतून राहतात. कडाक्याची थंडी, पहाटेचें गार पाण्यांतलें स्नान, साधें अन्न, आणि रात्रंदिवस कर्ण्यांचा गोंगाट! वैद्यकाच्या साध्या नियमानें ही माणसें आजारी होऊन परतावयास हवींत. भारतीय व ब्रिटिश संशोधकांनीं २०११ च्या मेळ्यासंबंधीं ४१६ कल्पवाशांना आणि न गेलेल्या १२७ जणांना मेळ्याच्या सुमारें एक महिना आधीं व एक महिना नंतर प्रश्न विचारले. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, न गेलेल्यांच्या मानानें कल्पवाशांनीं स्वतःची प्रकृति व मनाची प्रसन्नता सुधारल्याचें सांगितलें. माणसांनीं स्वतःविषयीं दिलेल्या उत्तरांवर हा अभ्यास उभा आहे, ही मर्यादा ध्यानांत ठेवली पाहिजे. तरी पुढील संशोधनांत त्याचें जें कारण पुढें आलें तें मोलाचें आहे. गर्दी मोठी होती एवढ्यानें गुण येत नाहीं. शेजारचा अनोळखी माणूस हा आपलाच आहे, तो आपल्याला समजून घेईल, पडलों तर हात देईल, असें ज्यांना वाटलें त्यांना गुण आला.

प्रयागची वाळू आणि झरीचा माळ यांत अंतर फार आहे; परंतु आपलेपणाचें सूत्र दोन्हीकडे तेंच आहे. मात्र झरीला त्यांत दोन गोष्टींची भर पडली होती. एक म्हणजे, आजवर घरांत दडविलेलें दुःख तेथें चारचौघांत बोललें गेलें आणि त्याला नांव मिळालें. दुसरी म्हणजे, सभेहून परतल्यावर उद्यां सकाळीं काय करावयाचें, हें प्रत्येकाला ठाऊक होतें. यात्रेचा उचंबळ परतीच्या वाटेवर हळूहळू ओसरतो, कारण त्याला दुसऱ्या दिवशीं काम नसतें. झरीच्या उचंबळाला दुसऱ्या दिवशीं काम होतें. म्हणून तो पहाटे विरला नाहीं.

तथापि सामुदायिक भावनेचे गोडवेच गावेत आणि तिची दाहकता झांकावी, हें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. याच डहाणू तालुक्यांत गडचिंचले गांवाजवळ १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं घडलेला प्रकार देशभर गाजला. महामारीचे दिवस होते आणि सर्वत्र टाळेबंदी होती. मुलें पळविणाऱ्या टोळ्या रात्रीं फिरतात, अशी अफवा भागांत पसरली होती. वाटेनें मोटारींतून जाणारे दोन साधु व त्यांचा चालक यांना जमावानें अडविलें आणि त्या तिघांना जिवें मारलें. ते तिघे निरपराध होते. तेथेंहि माणसें एकत्र आलीं होतीं. तेथेंहि भावना एकाची दुसऱ्याला लागली होती. ल बाँनें जो जमाव वर्णिला तो हाच.

मग झरी आणि गडचिंचले यांत भेद कोणता? अफवा तर तलवाड्यालाहि होती. पण तलवाड्यास जमलेल्या माणसांना पाठीशीं पांच महिन्यांचा एकत्र बोलण्याचा, ठरविण्याचा आणि ठरविलेलें पाळण्याचा सराव होता. आपण कोण, कशासाठीं आलों, काय करावयाचें आणि काय करावयाचें नाहीं, हें त्यांना माहीत होतें. काळोखांत भीतीनें गोळा झालेल्या जमावाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. त्याला फक्त कोणापासून भ्यावयाचें एवढेंच सांगितलेलें असतें. भीति एकट्यानें भोगली तर ती भोगणाऱ्यालाच पोखरते. जमावानें भोगली तर ती निरपराध्याचा जीव घेते. ती दिवसाउजेडीं, ओळखीच्या माणसांत, शब्दांत मांडली गेली तरच उतरते. आग चुलींत असली तर भाकर भाजते आणि वणव्यांत असली तर घर जाळते. तिला चूल करून देणें हें माणसांचें काम आहे.

तलवाड्याच्या हुतात्म्यांचें स्मरण १० ऑक्टोबरला या भागांत केलें जातें. शामराव परुळेकर १९६५ सालीं तुरुंगांतच निवर्तले आणि गोदावरीबाई १९९६ सालीं गेल्या. झरीच्या माळावर बसलेल्यांपैकीं आतां क्वचितच कोणी उरलें असेल. परंतु रीत उरली आहे. मार्च २०१८ मध्यें नाशकाहून मुंबईपर्यंत सुमारें १८० किलोमीटर पायीं चालत हजारों शेतकरी गेले, त्यांत आदिवासींची संख्या मोठी होती. शेवटच्या टप्प्यांत, दुसऱ्या दिवशीं मुंबईंतील मुलांची शालान्त परीक्षा आहे असें कळल्यावर, त्यांच्या वाटेंत अडथळा नको म्हणून हे लोक फोड आलेल्या पायांनीं रात्रींच चालत आझाद मैदानास पोंचले. दिवसभर चालून थकलेला समुदाय परक्यांच्या मुलांची झोप आणि वेळ यांचा विचार करतो, हें निरोगी समुदायाचें लक्षण नव्हे काय?

शहरांतील सुशिक्षित घरांत गर्दीविषयीं एक सूक्ष्म तिटकारा असतो. जत्रा, मोर्चा, सभा हीं दुसऱ्यांचीं कामें, आपण खिडकींतून पाहावें, अशी वृत्ति सहज जडते. तिला कारणेंहि आहेत. गर्दीनें केलेले अनर्थ कोणी नाकारूं शकत नाहीं. परंतु खिडकीच्या आंत बसलेल्या माणसाची भीति आणि झोपडींत बसलेल्या वारल्याची भीति यांत एक साम्य आहे. दोघेहि आपलें दुःख आपल्या एकट्याचेंच समजतात. समुदायाची परीक्षा त्याच्या आवाजावरून किंवा संख्येवरून करूं नये. तेथून घरीं परतलेल्या माणसाकडे पाहावें. तो आपल्या बायकोमुलांशीं, शेजाऱ्याशीं आणि परक्याशीं अधिक मोकळेपणानें वागतो कीं अधिक कठोरपणानें? त्याची मान पूर्वींपेक्षां वर असते कीं दुसऱ्याची मान खालीं करण्याची त्याला चटक लागते? झरीहून परतलेला वारली प्रथम गेला तो बांधलेल्या लग्नगड्याला सोडवून त्याच्या घरीं पोंचविण्यास. समुदायानें माणसाला काय दिलें, याचें उत्तर त्या एका कृतींत आहे.